कोल्हापुरात बाहेरून येऊन खास मटणाचा धंदा कसा उभा करायचा

पहिलंच सांगून टाकते, मी कोल्हापूरची नाही. माहेर परंड्याकडचं, म्हणजे धाराशिव, जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, घरी शेळ्या, वडिलांची निम्मी हयात बाजारात बोकडं विकण्यात गेली. २०१५ ला नवऱ्याला शिरोलीत फाउंड्रीत काम लागलं म्हणून इकडं आलो आणि २०१८ च्या दिवाळीनंतर मी मटणाचा धंदा चालू केला. बाहेरनं येऊन कोल्हापूरकराला मटण विकायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन टाळ वाजवायला शिकवायचं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं ते वेगळं.

आता बऱ्याच जणी विचारतात, ताई आम्हाला पण करायचंय, कुठनं सुरू करू. कुणी सोलापूरकडची, कुणी बेळगावची, एक मुलगा तर पार विदर्भातला. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. यातलं निम्मं मी पैसे घालवून शिकले.

काय विकायचं, आणि काय नाही

मी सुरुवात केली ती मसाला लावलेल्या मटणाने. आमच्याकडचा येसूर, आईच्या हातचा, त्यात मुरवलेलं मटण अर्धा किलोच्या डब्यात. शेजारच्या काकूंना पहिला डबा फुकट दिला. संध्याकाळी डबा धुवून परत आला आणि निरोप आला, "मसाला चांगला हाय गं, पण हे मटण आमचं न्हवं."

त्या एका वाक्यावर माझा सगळा प्लॅन पडला. इथं प्रत्येक घरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला होतो, मिरची कुठली घ्यायची ते कांडप कुठं करायचं इथपर्यंत ठरलेलं असतं, आणि आपल्या घरच्या चटणीपेक्षा दुसऱ्याची चांगली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुक्कं, ही चव त्यांच्याकडं आहेच, तुम्ही ती विकायला जाऊ नका. त्यांच्याकडं काय नाही ते बघा. जनावर कुठलं, किती वयाचं, कधी कापलं, कापल्यापासून आत्तापर्यंत कुठं ठेवलं होतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी तेच विकते. कच्चं मटण, मसाला नाही, पण पाकिटावर लिहिलेलं असतं कधी कापलं आणि कशाला वापरायचं.

कशाला वापरायचं म्हणजे काय ते सांगते. इथं मटण शिजवायची सुरुवात अळणीने होते, म्हणजे मटण हळद-मीठ-आलं-लसणावर शिजवून जो रस निघतो तो. त्याच अळणीचा निम्मा नारळाच्या दुधात पांढरा होतो, निम्मा चटणीत तांबडा होतो, आणि शिजलेल्या फोडींचं सुक्कं. म्हणजे एकाच घरात एकाच वेळी हाडाचं, चरबीचं आणि नुसत्या मांसाचं असं तिन्ही लागतं. मग मी पाकिटंच तशी केली, एकात मान, सीना (छाती), नळ्या म्हणजे अळणीला, दुसऱ्यात मांडी आणि फऱ्याच्या (खांद्याच्या) फोडी सुक्क्याला, तिसरं खिम्याचं. चाप वेगळं ठेवते पण ते दुपारपर्यंत उरत नाही. ही पाकिटं करायचं अजून एक कारण आहे ते हिशोबात येईल.

जनावर

इथं माझी पहिली फजिती शब्दावरनं झाली. आमच्याकडं बकरा म्हटलं की शेळीचा नर. इथं कितीतरी जण बकरं म्हणतात ते मेंढराला, आणि त्यांना ते मेंढराचंच हवं असतं, चरबी जास्त आणि रश्श्याला तवंग चांगला येतो म्हणून. मी बोकडाचं दिलं, त्यांनी घरी जाऊन ओळखलं, आणि सोमवारी फोन. चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून मी पाकिटावर बोकड किंवा मेंढा असं स्पष्ट लिहिते, बकरं हा शब्द वापरतच नाही.

बोकड मी उस्मानाबादी घेते. घरचं म्हणून नाही, काळं, उंच, लांब कानाचं जनावर, दुष्काळी भागात वाढलेलं, मटणाला नाव असलेली जात आहे, आणि शेळ्या जुळी देतात त्यामुळं पाळणाऱ्याकडं विकायला नर असतात. मेंढ्यात जत तालुक्यातली माडग्याळ, तिचं नाक पोपटासारखं वाकडं असतं, एकदा बघितली की विसरत नाही. ती वाढीला जोरदार, पण भावही जोरदार, त्यामुळं दख्खनीही घेते. बाजार वडगाव, आटपाडी आणि माडग्याळकडचा, पण पहिली तीन-चार महिने बाजारात एकटं जाऊन खरेदी करू नका. नुसतं बघायला जा. व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करतात ते बघण्यासारखं आहे, पण त्यात तुम्ही उतरलात की गेलात.

वय दातावरनं बघायचं. खालचा ओठ खाली करायचा, सगळे बारके दुधाचे दात असले तर अदंत, मधले दोन मोठे आले असले तर दोन दाती, हे साधारण सव्वा ते दीड वर्षाला येतात. मला अदंत किंवा नुकतंच दोन दाती लागतं. त्याच्यापुढं गेलं की शिजायला वेळ, आणि खच्ची न केलेला मोठा नर असला तर वास.

पोट बघा. विकायच्या दिवशी सकाळी मीठ चारून पाणी पाजलेलं जनावर टुमटुमीत दिसतं आणि काट्यावर दोन-अडीच किलो जास्त भरतं, ते दोन-अडीच किलो तुम्ही बोकडाच्या भावात घेता आणि दुसऱ्या दिवशी ते नालीत जातं. जमलं तर थेट पाळणाऱ्याकडनं घ्या, आदल्या रात्री चारा बंद, पाणी मात्र ठेवायचं, बारा तास उपाशी ठेवून मग वजन. माझे आता भूम-परंड्याकडचे सात पाळणारे आहेत, सगळे वडिलांच्या ओळखीतले, आणि खरं सांगू का, परगावची असण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. तुम्ही जिथनं आलात तिथं काय चांगलं पिकतं ते तुमच्याइतकं इथं कुणाला माहीत नसतं. मसाला तिकडचा आणून चालला नाही, बोकड चाललं.

हिशोब

आकडे नुसते उदाहरण म्हणून घ्या, भाव दर महिन्याला हलतो. २४ किलोचं जिवंत बोकड, किलोला ३४० ने ८,१६० रुपये. मटण निघतं जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के, आपण ११.५ किलो धरू. मुंडी, पाय, वजडी, कलेजी वेगळी विकून समजा ७०० आले, राहिले ७,४६०. साफसफाईत, पाणी सुटण्यात अर्धा किलो जातं, म्हणजे हातात ११ किलो. भागा, ६७८ रुपये किलो नुसतं मटणच पडलं. वर कापणावळ, गाडी, वीज, पाकीट, पोरांचा पगार.

आता नवीन माणूस काय करतो, मांडीचं पाकीट महाग लावतो, ते विकतं, खूश होतो, आणि संध्याकाळी फ्रीजमध्ये चार बोकडांच्या माना आणि सीने पडलेले असतात. माझं पहिलं सहा महिने हेच झालं. नफा सगळा त्या मानांमध्ये अडकला होता. या धंद्यात पाकीट विकून उपयोग नाही, जनावर संपलं पाहिजे. म्हणून अळणीचं पाकीट काढलं. मान आणि सीना हे उरलेलं म्हणून विकलं तर कुणी घेत नाही, अळणीसाठी म्हणून विकलं तर आधी तेच जातं, कारण ते खरंच अळणीला चांगलं असतं, मी काही बनवाबनवी केली नाही.

आणि भावाबद्दल एक. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरनं इथं मोठं आंदोलन झालं, दुकानं बंद राहिली, बैठका झाल्या. दुसऱ्या गावात कांद्यावरनं होतं तसं इथं मटणावरनं होतं. तेव्हा माझा धंदा एक वर्षाचा, मी घाबरून गेले होते, पण त्यातनं शिकले की इथलं गिऱ्हाईक पैसे द्यायला मागं हटत नाही, फसवलं जातंय असं वाटलं की मात्र पेटतं. भाव वाढवायचा असेल तर आठवडाभर आधी सांगा आणि का ते सांगा. वजन कमी करून भाव तोच ठेवायची आयडिया डोक्यातसुद्धा आणू नका. माझ्या अर्ध्या किलोच्या पाकिटात ५१५ ग्रॅम असतं, कारण दोन दिवसात दहा-पंधरा ग्रॅम पाणी सुटतं आणि कोल्हापुरात लोक घरी जाऊन वजन करतात. करतात म्हणजे करतातच.

मटण कधी मऊ असतं

हा भाग नीट वाचा, बाकीचं सोडलं तरी चालेल.

माझ्याकडं कापायला जे मामा आहेत ते पिढीजात खाटीक, त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान होतं. मी पहिल्यांदा फ्रीजचं म्हटलं तर ते हसले. "ताई, कोल्हापूरकर फ्रीजमधलं मटण खाईल व्हय? सकाळी कापायचं, दहाला चुलीवर, बाराला ताटात." मी म्हटलं मामा बघू तर. बोकड कापलं, निम्मं त्यांनी लगेच घरी नेलं, निम्मं मी नवीन डीप फ्रीझरमध्ये टाकलं, गरम गरमच. दुसऱ्या दिवशी शिजवलं तर चप्पल. दोन तास शिजून चप्पल. मामा काही बोलले नाहीत, नुसती एक फोड चावत बसले आणि ती फोड संपायचीच नाही. ते जास्त लागलं.

मग मी यामागं लागले, पशुवैद्यक डॉक्टरांना विचारलं, वाचलं. गोष्ट अशी आहे. जनावर कापल्यावर मांस लगेच मरत नाही असं म्हणा हवं तर, आत साठलेली साखर वापरली जाते, तिचं आम्ल होतं, मांसाचा पीएच (आम्ल मोजायचा आकडा, कमी म्हणजे आम्ल जास्त) सातच्या आसपास असतो तो पुढच्या बारा-चोवीस तासात साडेपाच-पावणेसहाला येतो. याच काळात स्नायू ताठतात. ताठायच्या आधी, म्हणजे पहिल्या तास-दीड तासात शिजायला टाकलं तर मऊ लागतं. ताठल्यावर, म्हणजे चार-सहा तासांपासून पार रात्रीपर्यंत, सगळ्यात वाईट. आणि मग चोवीस तासांनी थंडीत ठेवलेलं पुन्हा सैल पडायला लागतं, मांसातलीच एन्झाइम्स ते काम करतात.

म्हणजे रविवारी पहाटे रांग लावून नुकतंच कापलेलं मटण घेऊन घरी गेल्या गेल्या चुलीवर टाकणारा कोल्हापूरकर शास्त्राप्रमाणं बरोबरच आहे! चुकतो तो सकाळी घेऊन फ्रीजमध्ये टाकून रात्री शिजवणारा, आणि मग खाटकाला शिव्या देणारा.

आणि माझी चूक काय होती तर ताठायच्या आधीच एकदम गार केलं. मांसाचं तापमान ताठायच्या आत दहा डिग्रीच्या खाली गेलं की स्नायू जोरात आखडतात आणि ते आखडलेलंच राहतं, कितीही शिजवा. बोकडात हे जास्त होतं कारण जनावर लहान, अंगावर चरबीचं पांघरूण नाही, पटकन गार पडतं. उपाय सोपा निघाला. कापल्यावर अख्खं धड टांगून आठ-दहा तास १५-१६ डिग्रीला ठेवायचं, मी त्यासाठी एक आठ बाय आठची बंद खोली केली, टाइल्स लावल्या, साधा एसी सोळावर. मग तिथनं शून्य ते चार डिग्रीच्या चिलरमध्ये, आणि कापून चोवीस तास झाल्याशिवाय फोडी करायच्या नाहीत. टांगायचं मागच्या पायांनी, धडाच्या वजनानेच स्नायू ताणलेले राहतात.

पुढच्या खेपेला मामांना मुद्दाम न सांगता चोवीस तासाचं दिलं. फोनवर एवढंच म्हणाले, "कुठनं घेतलं?"

तर तुम्हाला दोनच वेळा विकता येतात, एकदम ताजं तासाच्या आतलं, नाहीतर दिवस काढलेलं. पहिलं काम इथले खाटीक शंभर वर्षं करतायत, त्यात तुम्ही पडू नका, त्यांच्याशी जुळवून घ्या, हाताला ते कसब तुम्हाला दोन वर्षात येणार नाही. दुसरं तुमचं. मी माझ्या पाकिटावर लिहिते, शनिवार सकाळी ६ ला कापलेलं, सोमवारपर्यंत वापरा. फ्रीजचं आहे हे लपवत नाही, उलट तेच मोठ्या अक्षरात.

जागा, मशिनी, पावसाळा

स्टीलचं टेबल, हुकाची पट्टी, सिंक, हे उद्यमनगरात करून घ्या, रेडिमेडपेक्षा निम्म्यात होतं आणि वेल्डिंग पाहिजे तसं करून देतात, फक्त ३०४ ग्रेडचं स्टील म्हणून ठासून सांगा. ठोकळा सिंथेटिक घ्या. चिंचेचा ओंडका मामांना सुटत नव्हता, नियमात कठीण लाकडाचा चालतो पण भेगा नसलेला पाहिजे, आणि ओंडक्याला भेगा पडतातच, मग रोज घासा, मीठ लावा. शेवटी त्यांनीच तो सोडला.

व्हॅक्युम मशीन घेताना एक कुणी सांगत नाही. सत्तूराने तोडलेल्या हाडाला टोक येतं, पाकीट टोचतं, सुईएवढं भोक पडतं, दुसऱ्या दिवशी पाकीट फुगलेलं आणि आत लाल पाणी. पहिल्या महिन्यात दहातली तीन पाकिटं अशी गेली. जाड पाकीट घ्या, आणि नळीच्या टोकावर बटर पेपरची घडी ठेवून मग सील मारा. हाडं कापायची करवत मशीन आली की त्रास कमी होतो, पण तिचा हाडाचा भुगा पुसावा लागतो, नाहीतर अळणी गढूळ होते आणि फोन येतात.

थर्मामीटर आणि वही, दिवसातनं तीनदा तापमान लिहायचं. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू वाढतात, त्यात मटण जितका कमी वेळ राहील तितकं बरं. फ्रोजन ठेवायचं तर उणे १८. व्हॅक्युम केलं म्हणजे बाहेर ठेवलं तरी चालतं असं समजणारे लोक आहेत, अगदी शिकलेले. नाही चालत.

आता पाणी. आमचा पहिला गाळा सखल भागात होता, भाडं कमी म्हणून घेतलेला. ऑगस्ट २०१९. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाची धोका पातळी ओलांडून पार ५५ च्या वर गेली, लाइट गेली ती दिवसच्या दिवस आली नाही, हायवे बंद, फ्रीझरमध्ये माझं साठ किलो मटण. पहिल्या दिवशी वाटलं येईल लाइट. दुसऱ्या दिवशी बर्फ शोधला, मिळाला नाही. मग जेवढं चांगलं होतं तेवढं वर चढत्या पाण्यातनं बाहेर काढून शाळेत राहिलेल्या लोकांसाठी शिजवायला दिलं, बाकीचं खड्डा खणून पुरलं. ते पुरताना नवरा म्हणाला, बस झालं आता. मी काही बोलले नाही. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा माझ्याकडं चार किलोसुद्धा माल नव्हता.

तर नियम करून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी बंधाऱ्याची पातळी बघायची, ३९ फूट ही इशारा पातळी, ती गाठली की जनावर घेणं बंद आणि आहे तो माल त्याच दिवशी काढायचा. गाळा बघताना मालकाला विचारू नका पाणी येतं का, तो नाहीच म्हणणार. समोरच्या पानपट्टीवाल्याला विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवेल कुठपर्यंत आलं होतं ते.

कागदं

पटकन सांगते. फूड लायसन्स फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. मी काढलं तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला साधं रजिस्ट्रेशन होतं, वर्षाला १०० रुपये, आणि वर गेलं की राज्याचं लायसन्स, तुम्ही काढताना आत्ताची मर्यादा बघून घ्या. चौदा आकडी नंबर येतो तो पाकिटावर छापायचा. बाकी महापालिकेचा परवाना, गुमास्ता, उद्यम नोंदणी, पाणी तपासणीचा रिपोर्ट, कामगारांचे मेडिकल, वजनकाट्याचा शिक्का. पाकिटावर निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किंमत, पत्ता, तक्रारीला फोन नंबर हे सगळं लागतं. ताज्या आणि नुसत्या गार केलेल्या मटणाला जीएसटी नाही, लेबल लावून पॅक केलेलं फ्रोजन झालं की लागतो, सीएला विचारा. एका ऑफिसात मला एकाच सहीसाठी चार खेटे घालावे लागले, पाचव्यांदा पोरगं कडेवर घेऊन गेले तेव्हा झाली. हे सुचवत नाही, झालं ते सांगितलं.

जनावर घरी किंवा गाळ्यात कापू नका. कत्तलखान्यातच, जिथं डॉक्टर कापायच्या आधी आणि नंतर तपासतो आणि शिक्का मारतो. तो शिक्का गिऱ्हाइकाला दाखवता येतो.

मटण लोणच्याबद्दल खूप जण विचारतात. करा, चांगलं जातं, पुण्या-मुंबईची पोरं सुट्टीवरनं जाताना नेतात. पण "बाहेर महिनाभर टिकतं" असं छापू नका. तेलाखाली हवा नसते आणि हवा नसलेल्या जागीच बॉट्युलिझमचा जंतू वाढतो, त्याचा वासही येत नाही. व्हिनेगर किंवा लिंबू एवढं पाहिजे की पीएच ४.६ च्या खाली राहील, तो सुद्धा फोडीच्या आतला, वरच्या तेलाचा नाही. मी दर नवीन रेसिपी लॅबमधनं तपासून घेते आणि तरी लेबलवर फ्रीजमध्ये ठेवा असंच लिहिते. दोन सासवांनी मला यावरनं सुनावलंय की आमच्या काळात बरणीत राहायचं. राहत असेल. माझ्या नावावर नको.

कॅलेंडर आणि माणसं

रविवार, बुधवार, शुक्रवार हे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार निवांत, संकष्टी-एकादशीला सुट्टीच धरा. आषाढ म्हणजे तुमची दिवाळी, मंगळवार-शुक्रवारी पी ढबाक हे वाद्य वाजवत नदीचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर लोक जातात आणि घरोघर आखाडीचं जेवण, ते पार दीप अमावास्येपर्यंत. आणि मग श्रावण. पहिल्या श्रावणात मला वाटलं लोकांनी मला वाळीत टाकलं. आता मी श्रावणात मशिनींचं सर्व्हिसिंग, रंग, लायसन्सचं रिन्युअल आणि पोरांना सुट्ट्या, असं ठरवूनच टाकलंय. नवरात्रही तसंच. नंतर खेड्यांच्या यात्रा-म्हाया, डिसेंबरच्या शेतातल्या पार्ट्या, मग धुळवड.

पहिला प्रश्न कायम एकच येतो, "तुम्ही कुठल्या?" मी सांगते परंड्याची. पुढचा प्रश्न, "मग तुमच्यात मटण कसं करतात?" तिथं आमचं काळं मटण किती भारी हे सांगत बसू नका, त्यांचं कसं करतात ते विचारा. पंधरा मिनिटं जातील, गिऱ्हाईक जाणार नाही.

तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळांच्या, ऑर्डरी मोठ्या असतात, तीस-चाळीस किलो, आणि पोरं चांगली असतात, पण निम्मे पैसे आधी घ्या, कारण वर्गणी नंतर गोळा होते. खानावळींना उधारीवर माल द्यायचा मोह आवरा. एका हॉटेलवाल्याने माझे ४८ हजार वर्षभर फिरवले, "वहिनी, सोमवारी या," आणि सोमवारी हॉटेल बंद. शेवटी निम्मे सोडले.

पैसे घालायच्या आधी एक काम करा. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला गंगावेस नाहीतर राजारामपुरीकडच्या कुठल्याही गर्दीच्या मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहा, वही घेऊन. घाई करू नका, मागच्याला पुढं जाऊ द्या. कोण काय म्हणतंय ते तसंच्या तसं लिहा. दोन नळ्या टाका. चरबी काढू नका मामा. मागच्या वेळचं शिजलं नाही बघा. पाहुणे येणारेत रात्री, टिकंल न्हवं? असे चार-पाच रविवार करा. माझी ती पहिली वही अजून आहे, रक्ताचे डाग पडलेली, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला प्रश्न आहे, "कधीचं आहे हो?"